कारखान्यामागचं पाणी

अण्णा, तुम्ही सातपूरच्या कारखान्यात लोखंडावर निकेल चढवायच्या खात्यात होतात. बोटांवरचे हिरवट डाग साबणानेही जात नसत. तिथलं पाणी मागच्या नाल्यात सुटायचं आणि नाल्याच्या खालच्या अंगाला आत्याचा भाजीचा तुकडा होता. एका उन्हाळ्यात तिचा पालक कडेकडेने करपला. एक जुडी तुमच्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "भाऊ, हे तुमच्याकडचंच पाणी हाय. कुणाला इकू मी हे?" तुम्ही ताटावरून उठलात.

पाण्याचा कायदा तेव्हा नवा होता. सरकारी साहेब कारखान्यात आले, कामगारांनाही समोर बसवलं. म्हणाले, सरकार पुढच्या पिढ्यांचा विचार करतंय. कारखाने वाढले पाहिजेत, पण नद्या मारून नाही, पाणी साफ करूनच बाहेर सोडायचं. दुसऱ्या दिवशी मालकांनी सांगितलं, हा खर्च झेपायचा नाही, टाळं लावावं लागेल. झालं! गेटवर सभा भरली, जो तो सरकारच्या नावाने ओरडू लागला. तुम्ही कधी सभेत बोलत नव्हता. त्या दिवशी उभे राहिलात. "काम पण पाहिजे अन् पाणी पण. मालकाला पाणी साफ करायच्या टाक्या बांधायला सांगा." मागून कामगारांचा पुढारी ओरडला, "मग तूच धू जा पाणी!" त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही डबा एकट्याने खाल्लात.

शेवटी टाक्या बांधल्या गेल्या, आणि त्या चालवायला मालकांनी तुम्हालाच बोलावलं. ती संध्याकाळ मला अजून दिसते. आई चुलीपुढे, हातात अर्धी थापलेली भाकरी. "तुमच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. तुम्ही शिकलात, मशिनीवर पोचलात. आता परत घाणीत?" तुम्ही सावकाश म्हणालात, "आज्याला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलंय. मी अट घातली. पाणी साफ नसलं तर नाल्याकडची झडप उघडणार नाही, मालक म्हणाला तरी. कायदा आहे माझ्या पाठीशी." आईने भाकरी तव्यावर टाकली, पण त्या रात्री ती तुमच्याशी बोलली नाही.

एका रविवारी तुम्ही मला टाक्या दाखवायला नेलंत. मी नाक दाबलं. "नाक सोड," तुम्ही दरडावलंत, "हा वास आपणच केलाय." तुम्ही चुन्याची निवळी ओतता, पाणी गढूळ होतं, मग हिरवा गाळ हळूहळू तळाशी बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. ते बघताना तुमचा चेहरा नवा चष्मा लागलेल्या माणसासारखा झाला होता.

मग ऐन ऑर्डरीच्या घाईत टाकीतलं ढवळायचं यंत्र मोडलं. वरून निरोपावर निरोप, झडप उघडा. तुम्ही उघडली नाहीत. टाकी भरली, सगळं खातं थांबलं, माणसं टाकीभोवती जमली. आता मारतात की काय, असं वाटलं होतं, हे तुम्ही नंतर घरी सांगितलंत. तेवढ्यात तोच पुढारी शर्ट काढून शिडीने खाली उतरला. "पाना दे," म्हणाला. दोघांनी मिळून ते दुरुस्त केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने आपला डबा तुमच्याशेजारी उघडला. आईचा राग जायला त्याहून जास्त दिवस लागले. पण आत्याचा पालक पुन्हा बाजारात जाऊ लागला, तेव्हा शेजारणीला आईच सांगत होती, "आमच्या ह्यांच्या हातचं पाणी आहे ते."

परवा सरकारने पुढच्या कित्येक वर्षांचा आराखडा जाहीर केला. स्वच्छ नद्या, हिरवे डोंगर, सगळ्यांना काम. माझा मुलगा हसला, "आई, हे सगळं कागदावरच." मीही त्याच्याबरोबर हसले. पण अण्णा, मला ते खरं वाटतं. कुणीतरी शिडीने खाली उतरेल, असं वाटतं. हे घरात म्हणायचा धीर होत नाही. तुम्ही आता नाही, हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून लिहिता आलं.