मिस्ड कॉल उचलू नये, याबद्दल

श्रीमती यमुनाआतेस लवूचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, तुझी शेवग्याची झाडं आणि तुझा आवाज ठणठणीत असतील. (आवाजाची जास्त खात्री.) माझा पाय प्लॅस्टरमध्ये खुशाल आहे.

पत्रास कारण आमचे साहेब. डोंगरमाथ्याच्या ओसाड सड्यावर वारा मोजायच्या खांबांकडे मी एकटाच जीप नेतो, म्हणून त्यांनी नियम केला की ड्रायव्हरने दुपारी ऑफिसला मिस्ड कॉल द्यावा. एक म्हणजे सुखरूप, दोन म्हणजे संकट. ऑफिसातला निकेत जेवून पेंगतो हे ठाऊक असल्याने मी तुलाही तेच शिकवलं. पण तू पहिल्याच रिंगला उचलतेस, आणि वर मलाच विचारतेस, "दारात इलेल्या पावण्याक ताटकळत ठेवूचा काय?" आता उचललेला कॉल मिस्ड कसा होणार, आणि दुसरा द्यायचा कसा?

त्या सोमवारी मी हँडब्रेक न ओढता उतरलो. जीप उताराला लागली (तिलाही घरची ओढ असावी), मी अडवायला धावलो आणि पाय चाक नि कातळ यांच्यामध्ये अडकला. नशिबाने तिथे रेंजची एक काडी होती. निकेतला दोन मिस्ड कॉल दिले. आज लवू दोनदा सुखरूप आहे, असं समजून त्याने पुन्हा डोळे मिटले. मग तुला लावला. तुझा आवाज ऐकला आणि मला रडू आलं, आते. पण तुझं ब्लडप्रेशर आठवून खरं सांगवेना. जेवलास का विचारलंस, हो म्हटलं. काय खाल्लंस विचारलंस, तेव्हा तोंडाला आलं ते सांगितलं, बांगड्याचं तिखलं. तेवढ्यात बॅटरी संपली.

आता इथे कुत्रंही फिरकणार नाही, असं धरून मी उन्हात पडून होतो. तर तुझ्या शेजारच्या डोमिंगोचा टेंपो आला, पुढच्या सीटवर तू, मांडीवर पेजेचा डबा. डोमिंगोने मागाहून सांगितलं, तू त्याच्या पडवीत उभी राहून म्हणालीस, "लवू सोमवारी बांगडो खाल्लंय म्हणता. पोराक कायतरी झालां. टेंपो काढ." (माझ्या लहानपणच्या आजारात सोमवारी मासळी न शिवण्याचा नवस तूच बोललेली. मी तो कधी मोडला नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत?)

तरी साहेबांनी कळवायला सांगितलंय की यापुढे मिस्ड कॉल कृपया उचलू नये. तसं कळवलं.

तुझा आज्ञाधारक भाचा,
लवू

ता. क. निकेतला मी काही बोललो नाही. तो बिचारा रोज बघायला येतो आणि माझ्या वाट्याची पेज संपवून जातो.

ता. क. दुसरा. प्लॅस्टर निघालं की पुन्हा जीपवर. साहेबांचा निरोप पोचवला, आता माझं ऐक. फोन वाजला की उचल. मी सुखरूप असलो तरी उचल.