ड्रायव्हरच्या बाटल्या आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, एका लिफ्ट-मेकॅनिकची विधवा आणि पुस्तकबांधणीच्या कारखान्यातून निवृत्त झालेली कामगार, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. अक्षर माझंच आहे. हे लिहायला मला कोणी सांगितलेलं, धमकावलेलं किंवा गोड बोलून बसवलेलं नाही. गोड बोलायला घरात दुसरं कोणी नाहीच. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. तो वाचला. त्यात "सदरहू" फार आहे, म्हणून माझ्या शब्दांत लिहिते. मी शाळा लवकर सोडली. जे वाचलं ते कारखान्यात, शिवायला आलेल्या सुट्या घड्यांमधून. एका घडीत सोळा पानं, आणि बहुतेक वेळा पुस्तकाचा शेवट आधी हातात यायचा, सुरुवात मागून. त्यामुळे आता मला गोष्ट क्रमाने सांगायला आवडते.

वाटणी अवघड नाही. अवघड आहे ते पाचवं कलम. त्यात दोन माणसं आहेत, जी पूर्वी या घरात न विचारता यायची आणि आता येत नाहीत. माझ्यामागे त्यांना काही मिळावं, की मी असतानाच ती एकदा यावीत, हे मला ठरवायचं आहे. बाकी कलमं मी आधी उरकून घेते.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरचं हे घर, कोठीच्या खोलीसकट, माझ्या मुलाला द्यावं. तो दूरच्या शहरात असतो. "आई, एवढं घर तुला लागतं कशाला?" असं तो फोनवर विचारतो. मी म्हणते, "मला नाही, घराला मी लागते." त्याने ते विकलं तरी माझी हरकत नाही. घेणाऱ्याला एवढं सांगावं की लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर जराशी अडखळते, तिथे घाबरू नये. हे होते तोवर ती अडखळत नव्हती.

कलम २. बँकेतली ठेव. निम्मी मुलाला, निम्मी सुनेला, सुनेची तिच्या स्वतंत्र नावावर. मुलगा विचारतो, "जेवलीस का?" आणि "हो" ऐकून पुढच्या विषयाकडे वळतो. सून विचारते, "काय जेवलात?" तिथे खोटं बोलता येत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ३. हत्यारं. ह्यांची पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि तेलाची झारी असलेली लोखंडी पेटी, ह्यांच्यामागे आपल्या इमारतींची कामं ज्या मेकॅनिकने घेतली त्याला द्यावी. तो घाईने काम करतो, पण पेटी पुसून ठेवतो. माझी आरी, सुया आणि घडी दाबायची हाडाची पट्टी वाचनालयात जी बाई फाटकी पुस्तकं सांधते तिला द्यावी. तिची डिंकाची बरणी कायम उघडी असते, त्याबद्दल तिला माझ्या वतीने एकदा बोलावं.

कलम ४. पुस्तकं. सगळी वाचनालयाला. वाइनवरची पुस्तकंही त्यातच आली. ती मी पेन्सिलीने खुणा करून वाचली आहेत. खोडू नयेत.

कलम ५. ड्रायव्हरच्या बाटल्या. हे सविस्तर लिहावं लागेल, नाहीतर मुलाला वाटेल की आई कोठीत बसून पीत होती.

एकदा ह्यांनी एका बंद पडलेल्या लिफ्टमधून नवरा-बायको बाहेर काढले. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. बायको आत अडकल्याबद्दल नवऱ्याला एवढं बोलत होती की दार उघडल्यावर, "जरा थांबा, वाक्य पुरं करू द्या," असं ती ह्यांनाच म्हणाली. ओळख झाली ती अशी. उपकार फेडायचे म्हणून त्यांनी आम्हाला वायनरी बघायला नेलं, आणि मग दर वर्षी द्राक्षांची तोडणी संपली की आम्ही चौघं त्यांच्या गाडीतून जाऊ लागलो. मी चष्मेवाल्यांना भाऊजी म्हणायची. आम्ही बायका एकमेकींना वहिनी म्हणायचो.

पहिल्या खेपेला मला काही कळत नव्हतं. टेबलावर थुंकायचं भांडं ठेवलेलं होतं. चव घ्यायची, तोंडात घोळवायची आणि त्यात टाकायची. मी एकही घोट टाकला नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू थुंकायची कशी? तिसऱ्या वायनरीत मी माहिती सांगणाऱ्या माणसालाच माहिती सांगत होते म्हणे. मला आठवत नाही, पण ते मला दर वर्षी सांगितलं गेलं.

पुढे शिकले. तळघरात शिरताना अंगावर येणारा गारवा, लाकडी पिंपांच्या रांगा, पेला हलवल्यावर काचेवरून सावकाश उतरणारे ओघळ. भाऊजी पेला उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचे. हे विचारायचे, "किती नंबर निघाला?" हे स्वतः पिंपं सोडून पिंपं वर न्यायच्या जुन्या पाळण्याकडे बघत राहायचे, आणि एके ठिकाणी तर बाही वर करून तो दुरुस्तच करत बसले. चव घ्यायची राहून गेली.

एकदा मी पेला हुंगून म्हणाले, "ओला पुठ्ठा. ही मला आवडली." आमच्या बांधणीखात्यात सकाळी असाच वास यायचा. वायनरीतल्या बाईंनी माझ्या हातातला पेला घेतला, हुंगला, तोंड वाकडं केलं आणि सगळी बाटली मोरीत ओतली. बूच खराब निघालं की वाइनला तो वास येतो. वहिनी हसून हसून पिंपाला टेकल्या. म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला बिघडलेलीच आवडायची. नवरा बघा ना कसा निवडलाय."

"निवडला कुठे," हे म्हणाले, "पदरात पडलो."

आमच्या चौघांचा एक नियम होता. जो गाडी चालवेल त्याने काही गिळायचं नाही, दिवसभर थुंकायचं. त्याच्या बदल्यात बाकीच्यांनी त्या दिवसाची सगळ्यात चांगली वाइन त्याला भेट द्यायची. ती ड्रायव्हरची बाटली. उघडायची मात्र चौघं एका टेबलाशी बसल्यावरच. भाऊजींना घाटातल्या वळणांची धास्ती, त्यामुळे गाडी नेहमी ह्यांच्याकडे. परत आलो की रात्र झालेली असायची, सगळे दमलेले. "पुढच्या रविवारी उघडू," असं ठरायचं. मग कोणाचं लग्न निघे, कोणाची दाढ दुखे. बाटल्या कोठीत आडव्या पडत गेल्या. आम्हाला कोणालाच घाई नव्हती.

हे गेले त्या वर्षी कोणी कुठे गेलं नाही. पुढच्या वर्षी तोडणी संपली आणि मी वाट पाहू लागले. चपला काढून ठेवल्या होत्या, सपाट तळाच्या, वेलींमधून चालायला बऱ्या पडतात त्या. फोन आला नाही. काही दिवसांनी मुलगा आला होता, त्याच्या हाती भाऊजींनी एक बाटली पाठवली. सोबत निरोप, "ह्या वर्षीची ड्रायव्हरची बाटली. मान त्यांचाच."

म्हणजे ते जाऊन आले होते. माझ्या आणि ह्यांच्या जागी दुसरं एक जोडपं गाडीत होतं, हे मुलाकडून कळलं.

मुलगा म्हणाला, "अगं, किती आठवणीने पाठवलीये त्यांनी."

मी म्हणाले, "बाटलीला आणलं. मला नेलं नाही."

बाटली मी त्याच्याच हाती परत पाठवली, निरोप न देता. आज त्यांनी पाठवली असती तरी मी तशीच परत केली असती. त्यानंतर ती दोघं आली नाहीत. मीही गेले नाही. वर्षं गेली.

मधे एकदा मी बसने एकटी गेले होते. वायनरीतल्या बाई बदलल्या होत्या. नव्या मुलीने विचारलं, "किती जण?" मी म्हणाले, "एक." तिने माझ्यापुढे पेले मांडले, पाठ केलेलं सगळं छान म्हणून दाखवलं आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली. तिथे सात-आठ माणसं भांडत होती. एकाला वाइनमध्ये जांभूळ लागत होतं, दुसरा म्हणत होता, जीभ तपासून घे. मी त्यांचं ऐकत बसले. माझ्या पेल्यात मिरी होती आणि थोडं भिजलेलं लाकूड, हे मला कळलं, पण नाही म्हणायला समोर कोणी नव्हतं. आपण म्हणतो ते खरं की काय हे नाही म्हणणारं माणूस असलं तरच समजतं. एकटीने घेतली की ते नुसतं पिणं होतं. बसला वेळ होता तरी उठले.

जेवायला बसल्यावर अजूनही मी कधी कधी भाजीचा वास घेऊन मोठ्याने काहीतरी म्हणते. "जरा करपट आहे," असं काही. मग जेवते.

तर, माझी पहिली इच्छा अशी होती की कोठीतल्या सगळ्या बाटल्या माझ्यामागे भाऊजी आणि वहिनींना द्याव्यात. मनात थोडं वाईटही होतं, ते लपवत नाही. बाटल्या घरी आल्यावर त्यांना माझ्यासारखंच वाटावं. माणूस आलं नाही, बाटली आली.

वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि विचारलं, "साक्षीला कोण आहे?"

मी म्हणाले, "ही दोघंच आहेत. दुसरं कोणी मला ओळखत नाही."

"मग त्यांना काही देता येणार नाही. ज्याला द्यायचं त्याची साक्ष घेऊ नये, पुढे वाद होतात. एक काय ते ठरवा. शेजारचं कोणी आणू का?"

मी म्हणाले, विचार करते. घरी आले आणि विचार न करता फोन केला. उचलला वहिनींनी.

"मी बोलतेय."

आवाज त्यांनी ओळखला. मग, "वहिनी?"

"मृत्युपत्राला साक्षीदार हवेत. दोघं एकदम लागतात."

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. मेल्यावर करता येत नाही, म्हणून आता करतेय."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही बाटली परत धाडलीत. हे म्हणाले, आता त्या दारात कुठल्या तोंडाने जायचं."

"गाडीत जागा नव्हती का, वहिनी?"

"होती. तीच बघवत नव्हती. म्हणून ते जोडपं बसवलं."

"मला रोज बघावी लागते."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. मी म्हणाले, "आधीच सांगते, यात तुम्हाला काही मिळणार नाही. साक्षीदाराला मिळत नसतं."

"ह्यांना विचारते," म्हणाल्या आणि फोन ठेवला. येतो म्हणाल्या नाहीत.

म्हणून आता पाचवं कलम असं वाचावं: भाऊजी आणि वहिनी यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. माझ्या मृत्यूच्या दिवशी कोठीत ज्या बाटल्या उरतील त्या मुलाच्या. त्याला वाइन आवडत नाही. तेव्हा काही उरू नये असा माझा प्रयत्न राहील.

कलम ६. मनातल्या गोष्टी. वायनरीजवळच्या लॉजच्या मालकाने, एकट्या बाईला खोली देत नाही, जोडप्यालाच देतो, असं मला सांगितलं होतं. त्याला मी माफ करत नाही. आमच्या जागी गाडीत बसलेल्या जोडप्यावर माझा राग नाही. ती माणसं चांगलीच असतील.

कलम ७. माझ्यामागे. माणसं जमवू नयेत. जमायचं असेल तर आधी जमावं.

सही करण्यापूर्वीची पुरवणी. दोघं आली आहेत, वकीलबाईही आल्या आहेत. भाऊजींचे केस सगळे गेले आहेत. वहिनी काठी घेऊन आल्या आणि ती कुठे टेकवावी हे विचारावं लागलं याचंच त्यांना वाईट वाटलं. पूर्वी त्यांना या घरात काही विचारावं लागत नसे.

भाऊजींनी मसुदा मोठ्याने वाचायला घेतला. पाचव्या कलमात चष्मा काढून पुसला, मग कागद वहिनींकडे दिला. वहिनींनी शेवटपर्यंत वाचला.

"ते जोडपं चांगलं होतं हे खोडा," त्या म्हणाल्या. "ती बाई परतीच्या वाटेवर सगळा वेळ गात होती. आम्ही पुन्हा गेलोच नाही."

"मृत्युपत्र माझं आहे. काय खोडायचं ते मी बघेन."

"मग बघा. पण जाताना आम्ही तुम्हाला विचारायला हवं होतं. नाही म्हणाल्या असतात, तर म्हणाल्या असतात."

मी म्हणाले, "नसते म्हणाले."

वकीलबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि पेन पुढे केलं.

वरचा सगळा मजकूर मी लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: माझं घर, जेवणाचं टेबल.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे. तोडणी संपल्यानंतरचा रविवार, दुपार.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला, चष्म्याचा दुकानदार: या बाईंनी आमच्या दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समोर सह्या करत आहोत. या मृत्युपत्राने आम्हाला काहीही मिळणार नाही, हे फोनवर सांगितलेलं होतं. तरी आलो. (सही)

साक्षीदार दुसरी, वरच्याची पत्नी: वरीलप्रमाणे. "तरी आलो" आहे तिथे "तरी उशिरा आलो" असं वाचावं. (सही)