झाडावरून केलेला नमस्कार

बान नोंग हाय
२४ ऑक्टोबर, महाराज गेल्याचा बारावा दिवस

थाविन, माझ्या भावा,

तुला, सुदाला आणि मुलींना पोटभर आशीर्वाद. तू पाठवलेली सुकी माकुळं मिळाली. तिकडे आता समुद्र खवळला असेल, बोटीवर जपून राहा.

अक्षर वाईट आलंय, माफ कर. हात अजून काळेच आहेत. बाजारात दुखवट्याचं काळं कापड मिळेना, म्हणून देवळाच्या आवारात मोठं पातेलं चढवलं आणि गावाचे कपडे मीच रंगवले. म्हातारी थोंगबाय तर लाल चोळी घेऊन आली. "हीच एक धड आहे, रंगव!" म्हणाली. रडता रडता हसलो सगळे.

बाबांचा पांढरा सदरा पातेल्यातून काळा निघाला, तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

मी म्हटलं, "आपले राजे, महाराज गेले, बाबा."

त्यांनी ओला सदरा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "मग त्या पोराला सांग, उतर म्हणावं. आता कुणी बघत नाही."

हल्ली त्यांना काळवेळ कळत नाही; त्या दिवसापासून ते शाळेपाशी जाऊन बसतात. तू चढला होतास ती चिंच कधीच तोडली, तिथं आता पाण्याची टाकी आहे. बाबा टाकीकडे मान वर करून तुला हाका मारतात. उन्हात बसतात. उचलून आणलं तर परत जातात. "पोरगं वर उपाशी आहे, मी कसा जेवू?" म्हणतात. पाच दिवसांत शहाळ्याच्या पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. चिकट भाताचा गोळा हातात दिला तर खिशात ठेवतात, तुझ्यासाठी. दवाखान्यातली बाई म्हणाली, असंच चाललं तर आठवडा निघणार नाही.

हे सगळं मी फोनवर सांगायचा प्रयत्न केला. तू "बरं" म्हणतोस आणि ठेवतोस. तुझंही खरं आहे. आई गेली तेव्हाही तू आला नाहीस, आणि मी गावभर तुला निष्ठुर म्हणत फिरले. ते म्हणण्याचा हक्क मला नव्हता.

तुला आठवतं का, महाराज गावावरून जाणार म्हणून पहाटेपासून सगळे रस्त्याच्या कडेला जमिनीवर बसले होते. महाराजांपेक्षा कुणाचं डोकं वर नको, म्हणून पाटील काठी घेऊन फिरत होता. आईनं त्यांच्या पावलांसाठी पांढरं कापड अंथरलं होतं. आणि मी, बारा वर्षांची घोडी, तुझ्या कानात म्हणाले, "इथून काय दिसणार? चल चिंचेवर." आधी मी चढले. तू नऊ वर्षांचा, माझ्यामागून आलास. दिसलं काय तर महाराजांच्या छत्रीचा काठ! तरी तू फांदीवर नीट बसलास आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केलास. वरून! पानं हलली, पाटलानं मान वर केली. मी खोडामागे पाय ओढून घेतले.

बाबांनी सगळ्या गावासमोर तुला मारलं. "कुणी चढवलं?" म्हणून विचारत होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि गप्प राहिलास. मीही गप्प राहिले. दहाव्या दिवशी पाटलाच्या धाकानं मामाबरोबर तुला बोटीवर धाडलं. सदतीस वर्षं झाली, थाविन.

काल मी टाकीखाली बाबांचे पाय धरले. सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "मला माहीत होतं, पोरी. तुझी एक चप्पल खाली पडली होती. मी तिच्यावर बसलो. पाटलाला एक पोर दिसलं होतं, दोन का दाखवायची? दोघांना धाडलं असतं तर तुमची आई जगली नसती." मग हुंदके देत म्हणाले, "पण एवढा मार खाऊनही तो का गं बोलला नाही?"

मी पदरानं त्यांचे डोळे पुसले.

ते तुला रागवायला बोलावत नाहीत रे. त्यांचा राग गेला नाही, असंच सदतीस वर्षं मला वाटत होतं, म्हणून मी तुला कधी "ये" असं जीव तोडून म्हटलंच नाही. भीती वाटायची, तू आलास की खरं बाहेर पडेल.

आज सकाळी ते सगळं विसरले. पुन्हा टाकीकडे बघून हाका सुरू. मी पुन्हा पाय धरले, पुन्हा सांगितलं, ते पुन्हा रडले. उद्याही सांगेन. पण माझ्या सांगण्यानं त्यांची मान खाली येत नाही, आणि भात खिशातच राहतो.

दोन दिवसांचा प्रवास आहे. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, परत तोच निघणार आहे, त्याच बसनं ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या घरचं पाणीही पिऊ नकोस. फक्त टाकीच्या मागून ये, त्यांच्यासमोर उभा राहा आणि म्हण, "बाबा, उतरलो."

तुझ्या गप्प राहण्यावर आजवर जगलेली,
तुझी ताई,
बुप्फा