काचेच्या गल्लीतले खिळे

सोमवार, ३ फेब्रुवारी

गुडघा बोंबलतोय, पण काम उरकलं. गल्लीत सात खिळे ठोकून झाले. दोन्ही बाजूंना काचेच्या पंधरा मजली इमारती, मध्ये आभाळाची चिंधी. नेमकी इथेच फोनची फजिती होते — म्हणतो तुम्ही समोरच्या फुटपाथवर आहात, नाहीतर थेट इमारतीच्या पोटात. माझं काम सरळ. गल्लीच्या तोंडाशी मोजणीच्या खुणेचा दगड आहे, त्याची नेमकी जागा नोंदलेली; त्यावरून मोजून प्रत्येक खिळा कुठे आहे ते सांगायचं. मग फोन बनवणाऱ्या कंपनीतली पोरगी त्या खिळ्यावर फोन ठेवून बघणार, फोन किती चुकतो.

निवृत्त सर्व्हेअरला या वयात कोण बोलावतं! घरी ही म्हणाली, "बरं झालं बाई, घरातली कपाटं मोजायची तरी थांबलात."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पोरगी माझ्या धाकटीच्या वयाची. मला काका म्हणते. आज विचारलं, इथेच फोन का चुकतो गं? तर म्हणाली, "उपग्रहाचा सिग्नल काचेवर आपटून येतो, काका. त्याची वाट लांबते. फोन बिचारा वाट मोजतो, त्याला वाटतं उपग्रहच लांब गेला."

आणि उपाय काय शोधलाय! बाकीचे जे सिग्नल येतात तेच घासूनपुसून घेत बसलेत. पोरगी बघते, कोणते येत नाहीत. डाव्या फुटपाथवरून कोणता उपग्रह इमारतीआड जाईल, उजव्यावरून कोणता, हे इमारतींच्या उंचीवरून आधीच काढून ठेवलंय. मग जो दडलाय त्यावरून ठरवायचं, फोन कुठल्या बाजूला आहे. चाळीस वर्षं मी दिसणाऱ्या खुणांवरून मोजत आलो. न दिसणाऱ्यावरून मोजता येईल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मानलं पोरीला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चाचणीच्या बाकीच्या तीन रस्त्यांवर चूक मीटरभराच्या आत. गल्लीत मात्र सातही खिळ्यांवर तीन-तीन मीटर. कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, पुढच्या शुक्रवारी बैठक. गल्लीत जमलं नाही तर तिची पद्धत नव्या फोनमधून बाद. दोन वर्षं खपलीय त्यावर.

मला सांगताना हसली. "तुम्ही ॲम्ब्युलन्स बोलवाल ना काका, तेव्हा ती समोरच्या इमारतीत जाईल. आपण इकडून हात हलवायचा." हसली खरी, पण डोळे भरले होते.

सोमवार, १० फेब्रुवारी

पोरगी दिवसभर सहा फोन घेऊन गल्लीत. एकेका खिळ्यावर चाळीस-चाळीस मिनिटं. जेवायलाही हलली नाही. चूक तेवढीच.

चिवट आहे. माझ्या हाताखाली अशी एक असती तर मी अर्धी नोकरी झोपून काढली असती.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दुपारी चाचरत म्हणाली, "काका, खिळे एकदा परत मोजून बघायचे का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "तो खुणेचा दगड मी स्वतः रोवलाय, तुझ्या जन्माआधी. आपल्या चुकीचं खापर माझ्यावर फोडू नकोस." एवढीशी झाली. "सॉरी काका," म्हणाली आणि गेली.

बरोबरच बोललो मी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी घास उतरेना. ही म्हणाली, "बरोबर बोललात ना? मग तोंड का असं उतरलंय?" ताटावरून उठलो, यंत्र उचललं आणि कुणाला न सांगता गल्ली गाठली.

दगडावर तिपाई लावली. पाण्याच्या टाकीवर दुसरी जुनी खूण आहे, तिथपर्यंतचं अंतर घेतलं. जुन्या वहीतल्या आकड्याशी ताडलं. तीन मीटरचा फरक. पुन्हा घेतलं. तेवढाच. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, "हा दगड होय? पाइप टाकताना उपटला होता की. गवंड्याने मग इकडे सरकवून बसवला. किती नीट बसवलाय बघा."

बसवलाय खरा नीट.

हाताखालच्या प्रत्येकाला मी रडवलंय — दगडावर उभं राहिलात की आधी दुसऱ्या खुणेपर्यंतचं अंतर पडताळा, मगच कामाला हात घाला. मी स्वतः पडताळलं नाही. का, तर दगड माझा.

तिथेच पायरीवर बसून खिळ्यांच्या जागा नव्याने काढल्या आणि तिचे आकडे त्यांच्यावर ठेवले. सातही ठिकाणी चूक अर्ध्या मीटरच्या आत! काचेच्या गल्लीत, साध्या हातातल्या फोनवर. पोरगी पहिल्या दिवसापासून बरोबर होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं लिहायचं तर शरमेपेक्षा कौतुकच जास्त वाटलं. आकडे परत परत बघत बसलो. इतकं स्वच्छ काम मला कधी जमलं नाही.

तिला फोन लावला, उचलला नाही. उद्या बैठकीतच सांगणार.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सगळ्यांदेखत सांगितलं. खिळे चुकले, फोन बरोबर होता. पद्धत राहिली.

नंतर साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि एक कागद हातात दिला. आज बैठकीत वाचायला ठेवलेला, तिच्या सहीचा. 'सर्व्हेअरकाकांचे खिळे चुकणे शक्य नाही. दोष माझ्या पद्धतीत आहे. ती मी मागे घेत आहे.'

खाली तारीख बुधवारची.