टोकाचा तुकडा

३ नोव्हेंबर
असं बघू नकोस माझ्याकडे, डायरी! हो, ताईचाच चौकोनी पॅन आहे. ताई जाऊन आठ महिने झाले — तो काय माळ्यावर गंजत ठेवायचा? परवापासून आई नुसत्या चहावर आहे. "तिच्या हातचं ते गुंडाळलेलं जपानी ऑम्लेट असतं, तर खाल्लं असतं." ठीकाय. मी करते.

४ नोव्हेंबर
फाटलं. वर खारट. बाबा : "धाकटे, हे ऑम्लेट आहे की पायपुसणं?"
किती दिवसांनी हसलो आम्ही. आई सोडून.

७ नोव्हेंबर
जमलं! अंडी फेसायची नाहीत, नुसता बलक मोडेपर्यंत ढवळायची. चमचाभर साखर, थोडा सोया सॉस. पातळ थर ओतायचा, वरून ओला असतानाच आपल्याकडे गुंडाळत आणायचा. गुंडाळी पलीकडे सारायची, पुन्हा तेल, पुन्हा थर — गुंडाळी उचलून तिच्या खालीसुद्धा.
आईने दोन तुकडे खाल्ले. दोन!

१० नोव्हेंबर
पॅनच्या कडेने मनगट भाजलं. ताईला डाग होता ना, तिथेच. कड तिथेच लागते, त्यात काय एवढं.

१२ नोव्हेंबर
साखर संपलेली. तशीच केली गुंडाळी. आई म्हणाली, "आज छान गोड झालंय गं, ताई."
मी ओ दिली. खात होती ना ती!

१५ नोव्हेंबर
आता बाबाही ताईच म्हणतात. म्हटलं, "बाबा, थट्टा पुरे." त्यांनी असं बघितलं, जसं काही मलाच वेड लागलंय.
कपाटात ताईचे कपडे पुढे. इस्त्री केलेले. माझे गाठोड्यात.

१६ नोव्हेंबर
मुद्दाम बिघडवायला गेले. गॅस मोठा केला, पॅन हिसडला. हात ऐकेनात! गुंडाळी आपली नीट, पिवळीधमक. वाढताना टोकाचा तुकडा तोंडात टाकला.
ती ताईची खोड. मला टोक आवडत नाही.

१८ नोव्हेंबर
आज डोळे मिटून, डाव्या हाताने. मूठभर मीठ. टराटरा फाटलं — माझंच! ताटली आईपुढे ठेवली. "बघ ना, आई. ओळख."
तिने घास घेतला. डोळे भरले. बाबांना म्हणाली, "धाकटी अस्संच करायची हो. आठ महिने झाले तिला जाऊन."
बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "ताई, तू तरी रडू नकोस."

जिन्यात लिहितेय. तोंडात टोकाचा तुकडा आहे, कधी टाकला कळलंच नाही. गोड लागतोय.
बाबा दार उघडतायत. मी खाली निघाले.