दोन टाके मागे

ता. ९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि तू सगळ्यालाच बरं बरं म्हणतेस, म्हणून पत्र लिहिते आहे.

कारखान्यात आम्हा शिकाऊ मुलामुलींना चार विभागांत फिरवतात. शेवटी एखाद्या विभागाच्या प्रमुखाने मागून घेतलं तर नोकरी पक्की, नाहीतर सामान बांधायचं. बाबांशी माझं काय ठरलंय ते तुला माहीतच आहे. परत आले तर त्यांच्या वह्या-पेनांच्या दुकानात काउंटरवर बसायचं आणि पुन्हा यंत्रांचं नाव काढायचं नाही.

पहिला विभाग प्लास्टिकच्या साच्यांचा. मी घाईने साचा लवकर उघडला आणि बादल्यांच्या ऐवजी वेड्यावाकड्या टोप्या बाहेर आल्या. त्यातली एक प्रमुखांनी मला भेट दिली. आता लेथवर आहे. लोखंडाची चकचकीत लांब सालं निघताना बघत बसावंसं वाटतं आणि मी बघतच बसते. बाकीच्यांची पेटी भरते तेव्हा माझ्या पेटीचा तळ दिसत असतो.

पण आत्या, सकाळी एकेक यंत्र सुरू होतं ना, तेव्हा ऊर भरून येतो. मला इथेच राहायचंय.

तुझा लोभ आहेच, त्यातला थोडा बाबांच्या कानापर्यंत पोचव.

तुझी,
भिंगरी


ता. २० जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ती टोपी पाठवून दे, तुझ्या बापाच्या डोक्याला बसेल. माणूस वाईट नाही ग, पण त्याने सुताराकडून काउंटरसाठी उंच स्टूल करून घेतलंय, वर गादीसुद्धा. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतो की पोरीसाठी आहे. बाजारात तुरी आणि हा इथे गादी शिवून मागतो. मी म्हटलं, पोरगी भिंगरी आहे, ती बसेल कशी? तो हसला नाही. तू गेल्यापासून घरात त्याला करमत नाही, हे खरं दुखणं.

मी सध्या पडदे शिवते आहे. लहानपणी तू माझ्या मशीनवर बसलीस की टीप संपते न संपते तोच उठून पळायचीस. किती वेळा हात धरून शिकवलं की टोकाला पोचलं की दोन टाके मागे यायचं आणि मगच दोरा तोडायचा, नाहीतर सगळी शिवण उसवते. तेव्हा आता एक-दोन विभाग हुकले म्हणून अर्ध्यात उठू नकोस.

पोटभर जेवत जा. माया आहे तशीच आहे.

तुझी,
आत्या


ता. १६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तिसरा विभाग तपासणीचा होता. तिथे मी इतका माल नाकारला की प्रमुखबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, तुझ्यावर सोपवलं तर कारखान्यातून काही बाहेरच पडायचं नाही.

आता शेवटचा, रोबोटचा. त्याला तोंड नाही की पाय नाहीत. नुसता खांदा, कोपर आणि मनगट. पंपाच्या झाकणाच्या कडेने गोल फिरून तो चिकट लेप लावतो, म्हणजे आत पाणी शिरत नाही. शिकवायचं म्हणजे त्याचं मनगट धरून एकदा फिरवायचं, अक्षर गिरवून घेतात तसं. मग तो तेच करत राहतो. मी फिरवलं. लेप जिथे सुरू झाला तिथेच येऊन थांबायचं होतं.

आज फोरमन ओरडतच आले. रोबोटचा हात दर झाकणावर टोकाला पोचला की थोडा मागे जाऊन पुन्हा लेप लावत होता. पाहिल्याबरोबर मी ओळखलं. आत्या, ते तुझे दोन टाके होते. माझ्या हाताने नकळत घेतले आणि त्याने ते इमानाने पाठ केले. लेप वाया, वेळ वाया. माझा धडा त्यांनी लगेच बंद करायला लावला. झालेली झाकणं फेकता येत नाहीत म्हणून उद्या पाण्याच्या टाकीत बुडवून बघणार आहेत.

बाबांना सांगू नकोस. स्टुलाची गादी मऊ आहे का, तेवढं कळव. माझ्यावर रागावू नकोस, एवढीच मागणी.

तुझी,
भिंगरी


ता. ३० मार्च

ती. आत्यास,

नमस्कार आज पत्राच्या शेवटी, आधी बातमी ऐक. मला मागून घेतलं!

टाकीत बुडवलेल्या झाकणांतून एकही बुडबुडा आला नाही. एरवी त्यातली काही गळतातच, आणि तीही बरोबर लेपाची दोन टोकं भेटतात तिथेच. फोरमनना पटेना. त्यांनी जुन्या पद्धतीची झाकणं शेजारी बुडवली, तर ती गळाली. मग आठवडाभर माझाच धडा चालवून पाहिला. शेवटी विभागप्रमुखांनी बोलावून विचारलं की ही युक्ती सुचली कशी. मी खरं ते सांगितलं, की सुचली नाही, आत्याने लावलेली सवय हातात राहिली होती. ते म्हणाले की असा हात आपल्याच विभागात हवा, आणि तिथल्या तिथे माझं नाव लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी घरच्यांना कारखाना दाखवणार आहेत. बाबांना ओढून आण. आता सा. न. वि. वि., आणि लोभ दुप्पट.

तुझी,
भिंगरी


ता. १४ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

जन्मभर कागद विकले, पण पत्र लिहितोय ते हे पहिलंच.

कारखान्यात मी तोंड मिटून हिंडलो, तेव्हा तुला वाटलं असेल की बाबा रागावलेत. खरं तर ते उंच छप्पर आणि तो आवाज, यांनी मी दबून गेलो होतो. मग तुझा तो रोबोट पाहिला. हात कडेने फिरत आला, टोकाला पोचला, थांबला आणि थोडा मागे गेला. आमची आई गेल्यावर माझ्या शाळेचे सगळे सदरे ताईने शिवले. एकही कधी उसवला नाही. ते मनगट मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

तू फोरमनशी बोलत होतीस म्हणून तुला दिसलं नाही. ताई काचेला हात टेकून रडत होती, आणि तिला गप्प करता करता मीही रडलो. शेजारी कुणी अनोळखी गृहस्थ उभे होते. त्यांना मी सांगून टाकलं की हा हात माझ्या बहिणीचा आहे आणि त्याला शिकवणारी माझी मुलगी आहे. ते जरा लांब सरकले.

आता स्टुलाचं. ताईची खुर्ची डुगडुगते, म्हणून स्टूल तिला दिलं. शिवणाच्या मशीनला ते उंच पडत होतं. सुताराला बोलावलं तेव्हा ताई म्हणाली, नीट विचार कर, कापलेले पाय पुन्हा वाढत नाहीत. मी त्याला म्हटलं, काप.

आता ते काउंटरला पुरत नाही. तेव्हा घरी ये, दोन दिवस लाड करून घे आणि कामावर परत जा.

लोभाचं कसं लिहितात ते मला जमत नाही. तो आहे असं धरून चाल.

तुझे,
बाबा