बशीतला कॅन्सर

होसकोटे, बेंगळुरू

तीर्थरूप योगीराजमामांना अभिमन्यूचा लांबूनच नमस्कार (जवळून केला असता तर आशीर्वादाआधी चापट बसली असती).

तब्येत विचारणार होतो, पण मामीने सगळं सांगितलं. गालातल्या गाठीच्या ऑपरेशनची तारीख आली, गाडी दारात आली आणि तुम्ही होडीला रंग देत बसलात. का, तर "भाचो औषध धाडतलो!" फोनवर ऑपरेशन म्हटलं की तुमची रेंज जाते, म्हणून हे पत्र.

चूक माझीच. समुद्रातल्या स्पंजाच्या अर्काने बशीतला कॅन्सर मेला, असं मीच मागे कळवलं. (स्पंज म्हणजे जाळ्यात आला की तुम्ही शिव्या घालून फेकता तो लिबलिबीत जीव.) त्यावर तुमचा निरोप, "एक बशी पुरे काय दोन घेवक होयत? वर चाय चालात?" मामा, ती बशी चहाची नव्हे! झाकणाची, काचेची असते, तिच्यात कॅन्सरच्या पेशी पाळतात (हो, पाळतात, कोंबड्यांसारख्या, खाणं घालून). तरी लाज सोडून आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई हेमावतीअक्कांकडे तुमच्यासाठी अर्काची बाटली मागितली. त्या हसल्या नाहीत, हेच वाईट. म्हणाल्या, "बशीत फिनाइल ओतलं तरी कॅन्सर मरतो. पाजतोस मामाला?" मग कपाट उघडून दाखवलं. चौदा वर्षांच्या बाटल्या! प्रत्येकीने बशीत कॅन्सर मारला आणि पुढे उंदरांवरच्या चाचणीत हरली. समुद्रातून निघालेली काही औषधं दवाखान्यात मिळतात म्हणे, पण ती डॉक्टरने सुईतून द्यायची, आणि तिथे पोचायला त्यांना माझ्या वयाएवढी वर्षं लागली. आपलं कधी, विचारलं तर म्हणाल्या, "स्वल्प टाइम." इथे स्वल्प म्हणजे बस येण्यापासून म्हातारपण येण्यापर्यंत काहीही. तुमच्या गाठीला एवढं स्वल्प परवडायचं नाही.

बाकी क्षेम. फार दमलोय. मामीला नमस्कार.

तुमचा,
अभिमन्यू

ता. क. मामीने गुरुवारची नवी तारीख घेतली आहे. जा.

ता. क. २. "भाचो शास्त्रज्ञ, डॉक्टरापेक्षा त्येका कळता," असं तुम्ही म्हणता म्हणे. मामा, त्या बशा मी धुतो. तेवढंच करतो. गुरुवारी गेला नाहीत, तर शुक्रवारी मुग्धाच्या वडिलांना हेच फोनवर सांगेन. शास्त्रज्ञ जावई म्हणून सोयरीक तुम्हीच जमवलीत, तेव्हा लग्न माझं मोडेल आणि बाजारात तोंड तुम्हाला लपवावं लागेल. त्यापेक्षा ऑपरेशन सोपं.